बिग सिक्सचं कार्ड: वर्गणी भरणाऱ्या जुळाऱ्याच्या पदरात काय पडलं

न्यूयॉर्क टायपोग्राफिकल युनियन क्रमांक ६, म्हणजे छापखान्यांच्या बोलीतली ‘बिग सिक्स’. ही एक सेवा होती असं धरून तिचा हिशेब मांडू. ग्राहक कोण, तर न्यूयॉर्कमधला खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवणारा कारागीर, म्हणजे जुळारी. किंमत काय, तर कमाईतून टक्केवारीनं कापली जाणारी वर्गणी आणि आधी वर्षानुवर्षांची उमेदवारी, जी विसाव्या शतकाच्या मध्यावर सहा वर्षांची होती. मिळायचं काय, तर खिशात मावणारं एक कार्ड. १८५० साली सुरू झालेली ही सेवा १९८६ च्या अखेरीस मातृसंघटना दुसऱ्या मोठ्या युनियनमध्ये विलीन होईपर्यंत स्वतःच्या झेंड्याखाली चालली. कार्ड असलेल्या बहुतेकांचे पैसे वसूल झाले. कार्ड नसलेल्यांनी त्याची किंमत वेगळ्या वाटेनं भरली.

सुरुवातच गमतीची आहे. जानेवारी १८५० मध्ये न्यूयॉर्कच्या मुद्रकांनी संघटना केली, तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष होता होरेस ग्रीली, ‘ट्रिब्यून’चा संपादक आणि मालक. मालकच कामगारांचा अध्यक्ष! पण ग्रीली स्वतः केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, उभा राहून शिकलेला मुद्रक होता, आणि त्या काळी जुळारी आणि छापखानेवाला यांच्यातली भिंत पुढच्या काळाइतकी उंच नव्हती. १८५२ मध्ये सिनसिनाटीला राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि न्यूयॉर्कला ६ हा क्रमांक मिळाला. कॅनडातल्या शाखा आल्यावर १८६९ मध्ये ती ‘इंटरनॅशनल’ झाली. हीच ती मातृसंघटना.

या सेवेची गरज कळायला हातजुळणीचा पगार कसा निघायचा ते पाहावं लागतं. मजुरी जुळवलेल्या मजकुरावर, दर हजार ‘एम’ला ठरलेली. एम म्हणजे त्या मापाच्या खिळ्याच्या उंचीएवढा चौकोन. ऐकायला सरळ, पण मेख तीन ठिकाणी होती. पहिली, छापून झालेले खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरात टाकणं. ते केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी केस रिकामी, आणि उक्त्या दरावर काम करणाऱ्याला या वेळाचे वेगळे पैसे नाहीत. दुसरी, मजकूर हातात येईपर्यंत हात बांधून बसण्याचा वेळ. तोही फुकट. तिसरी म्हणजे ‘फॅट’. कविता, मथळे, जाहिराती, अर्धवट ओळी यांत मोकळी जागा जास्त. जागा जुळवावी लागत नाही, पण एममध्ये मोजली जाते. हा मलिदा कोणाला द्यायचा हे फोरमनच्या मर्जीवर राहिलं, की मर्जीतल्या माणसाचा आठवडा भरायचा आणि शेजाऱ्याचा घटायचा. चॅपेल म्हणजे प्रत्येक छापखान्यातली युनियनची शाखा (शब्द इंग्लंडहून आलेला, प्रार्थनेशी नातं नावापुरतं). फॅटची वाटणी कशी व्हावी आणि थांबण्याच्या वेळाचे पैसे किती, असल्या गोष्टी हे चॅपेल नियमात बसवायचं. पगारवाढीच्या मोठ्या घोषणांपेक्षा या बारीकसारीक नियमांनीच सभासदाचा आठवडा सावरला.

आता या सेवेतला सर्वांत भक्कम भाग, म्हणजे बदलीची फळी, बदली माणसांनी नाव लावायचा तक्ता. मुंबईच्या गिरण्यांमुळे ‘बदली’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतही कायम जागेवाले आणि बदली असे दोन थर होते, कारण वर्तमानपत्राचं काम सोमवारी वेगळं, रविवारच्या अंकाला वेगळं. फरक पडला तो नियमांमुळे. फोरमन हा स्वतः युनियनचा सभासद असलाच पाहिजे, माणसं तोच घेणार, मालक नाही. आणि १८९० च्या सुमारास मातृसंघटनेनं जेष्ठतेचा कायदा आणल्यावर रिकामी झालेली कायम जागा त्या छापखान्यात सर्वांत आधीपासून बदली म्हणून नाव लावलेल्या सक्षम माणसालाच द्यावी लागे. फोरमनचा मेव्हणा असो की पेलेवाला मित्र, रांग मोडता येत नसे.

याला जोडून ओव्हरटाइमचा नियम होता, आणि तो फारच हुशारीनं केलेला. सभासदानं जादा तास केले की ते त्याच्या नावावर साठत. साठता साठता एका पूर्ण पाळीएवढे झाले, की त्यानं एक दिवस घरी बसायचं आणि ती पाळी बदलीला द्यायची. जादा कामाचा मोबदला मिळाला, पण रोजगार एकाच्या ताटात साचला नाही. कायम जागेवाल्यांना हा नियम कधीच गोड लागला नाही. वर्गणी दोघंही भरतात, तर काम दोघांना पोचलं पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. या एका सेवेला पाचपैकी पाच.

प्रवासी कार्डही त्याच जातीचं. गाव सोडताना जुन्या शाखेची बाकी चुकती करायची, चिटणिसाकडून कार्ड घ्यायचं, नव्या गावी पोचल्यावर ते तिथल्या शाखेत जमा करायचं आणि फळीवर नाव लावायचं. ओळख, शिफारस, परीक्षा, काही लागत नाही. बधिर जुळाऱ्यांना याचा विशेष उपयोग झाला. अमेरिकेतल्या बधिरांच्या शाळांमध्ये मुद्रण शिकवत असत, यंत्रांच्या गोंगाटात काम करायला त्यांना अडचण येत नसे, आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्रांच्या कंपोझिंग खात्यांत ते पुष्कळ होते. कार्डावर कौशल्य नोंदलेलं असल्यामुळे तोंडी मुलाखतीची अडचण आपोआप टळायची.

मात्र हे कार्ड सर्वांना मिळत नव्हतं, आणि या सेवेचा सर्वांत कमअस्सल भाग तोच. १८६७–६८ मध्ये ‘वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या तंट्यात मालकांनी स्त्रियांना जुळणीला बसवलं. तंटा मिटल्यावर त्यांना काढून टाकलं. युनियन त्यांना सभासद करून घेत नव्हती, आणि सभासद नसलेल्यांना ‘रॅट’ म्हणजे उंदीर म्हणत होती. ऑगस्टा लुईस या जुळारी बाईंनी १८६८ मध्ये ‘विमेन्स टायपोग्राफिकल युनियन क्रमांक १’ काढली. या बायकांनी संपात पुरुषांची साथ दिली, कमी दरानं काम नाकारलं. मग मातृसंघटनेनं त्यांना सनद दिली आणि १८७० मध्ये लुईसबाई तिच्या पत्रव्यवहार चिटणीसही झाल्या. पण युनियनच्या छापखान्यांत फोरमन बायकांना काम देईनात, आणि रॅट छापखान्यांची दारं त्यांनी स्वतःच्या तत्त्वानं बंद करून घेतलेली. कात्रीत सापडलेली ही शाखा दहा वर्षंही टिकली नाही. पुढे स्त्रियांना सर्वसाधारण शाखांत घेतलं गेलं, तेही पुरुषांएवढाच दर घेण्याच्या अटीवर. अट न्यायाची दिसते, पण उमेदवारीची दारं आधीच बंद ठेवलेल्या माणसाला ती बाहेरच ठेवते. वॉशिंग्टनच्या शाखेनं १८६९ मध्ये कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचा मुलगा लुईस याला कार्ड अडवलं ते तर उघड वर्णद्वेषानं, आणि मातृसंघटनेनं निर्णय ज्या त्या शाखेवर सोडून अंग काढून घेतलं.

यंत्र आलं तेव्हा मात्र या युनियननं जे केलं ते कुठल्याही धंद्यातल्या कामगार संघटनेनं अभ्यासावं असं आहे. ३ जुलै १८८६ रोजी ‘ट्रिब्यून’मध्ये ओटमार मर्गेन्थेलरची लायनोटाइप सुरू झाली. ग्रीलीच्याच वर्तमानपत्रात, हा योगायोग. ९० कळांचा कीबोर्ड. कळ दाबली की वरच्या मॅगझिनमधून, म्हणजे साच्यांच्या पेटीतून, अक्षराचा पितळी साचा घसरत खाली येतो, शब्दांच्या मध्ये पाचरीसारख्या स्पेसबँड पडतात, ओळ भरली की पाचरी वर ढकलून ती तंतोतंत मापाची होते, मागून शिसं, अँटिमनी आणि कथिल यांचा वितळलेला रस येतो, आणि अख्खी ओळ एका तुकड्यात ओतून निघते. मग साचे दातेरी दांडीवर चढून आपापल्या घरात परत. खिळे सोडवण्याचं फुकट काम एका फटक्यात संपलं. हातानं तासाला हजार-दीड हजार एम जुळवणाऱ्याच्या जागी यंत्रावरचा माणूस चार-पाच हजार काढू लागला.

युनियनपुढे दोन वाटा होत्या. यंत्राला विरोध करायचा, किंवा यंत्रावर कोण बसणार ते ठरवायचं. तिनं दुसरी धरली. १८८९ च्या सुमारास धोरण ठरलं: यंत्र येऊ दे, पण त्यावर बसेल तो उमेदवारी पुरी केलेला जुळारीच, आणि दर युनियनचा. टंकलेखन येणाऱ्या स्वस्त मुलामुलींना बसवण्याचा मालकांचा बेत त्यामुळे बसला नाही. यात निव्वळ अडवणूक नव्हती. लायनोटाइप बिघडते कशी ते पाहिलं की पटतं. ओळ सैल राहिली आणि ओतकाम सुरू झालं, तर फटीतून रस उडतो आणि साच्यांवर गोठतो. त्याला ‘स्क्वर्ट’ म्हणत, आणि तो खरवडून काढेपर्यंत यंत्र बंद. भांड्याचं तापमान २८५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावं लागतं; थंड पडलं तर अक्षरं पोकळ, फार तापलं तर ओळ सच्छिद्र. साच्यांच्या कडा झिजल्या की अक्षरांच्या मध्ये केसासारख्या रेघा उमटतात. एका अक्षराची चूक झाली तर ओळ नव्यानं ओतायची, आणि ती घालताना शेजारची ओळ चुकून निघाली तर बातमीचा अर्थ बदलतो. ओळ बिघडल्याचं लक्षात आलं की ऑपरेटर डावीकडच्या दोन रांगांवरून सरळ बोटं फिरवून ती भरून टाकी. तीच ती ‘एटॉइन श्रड्लू’, जी फेकायची राहिली की सकाळी छापील अंकात दिसे.

(हीच यंत्रं बनवणाऱ्या मर्गेन्थेलर कंपनीचा कारखाना ब्रुकलिनला होता. १९३० च्या दशकात हरि गोविंद गोविल यांच्या खटपटीतून देवनागरी लायनोटाइप तिथेच घडली. ९० कळांत मात्रा, रफार आणि जोडाक्षरं बसवताना काय झालं असेल, ते केसरीसाठी खिळे कमी करण्याची टिळकांची धडपड ठाऊक असलेल्यांना वेगळं सांगायला नको.)

कामाचे तास, पेन्शन आणि आजारपण याबद्दल थोडक्यात. १९०६ पासून आठ तासांच्या दिवसासाठी देशभर मोठा लढा झाला आणि जिंकला गेला. १९०८ मध्ये वृद्ध सभासदांना आठवड्याला ४ डॉलर पेन्शन सुरू झालं, सरकारी सामाजिक सुरक्षेच्या कितीतरी आधी. कोलोरॅडो स्प्रिंग्जला १८९२ मध्ये उघडलेलं मुद्रकांचं विश्रांतिगृह थकलेल्या आणि क्षयानं आजारी सभासदांसाठी होतं. क्षय या धंद्याच्या पाचवीला पुजलेला: बंद खोल्या, गॅसचे दिवे, भात्यानं फुंकून केस साफ करताना उडणारी शिशाची धूळ. यातला शेवटचा प्रकार ओल्या फडक्यानं टळतो, इतका साधा उपाय, पण कामगारांच्या आजारांच्या अभ्यासक डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांना १९१७ मध्येही मुद्रणधंद्यातल्या शिशाबद्दल सरकारी अहवाल लिहावा लागला.

निवडणुकांची शिस्तही नोंदवण्यासारखी. मातृसंघटनेत दोन कायमचे पक्ष होते, पदाधिकारी सर्व सभासदांच्या गुप्त मतदानानं निवडले जात, आणि सत्तेवरचा पक्ष खरोखर हरत असे. समाजशास्त्रज्ञ सेमोर लिप्सेट आणि सहकाऱ्यांनी बिग सिक्सच्या सभासदांच्या मुलाखती घेऊन १९५६ मध्ये याचा प्रसिद्ध अभ्यास छापला. रात्रपाळीमुळे जुळाऱ्यांची मैत्री जुळाऱ्यांशीच, त्यामुळे राजकारण कामाच्या जागेबाहेरही चालू राही, हे त्यातलं एक कारण. तहहयात अध्यक्षांची सवय असलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हा भाग जरा परीकथेसारखा वाटेल.

आता ‘बोगस’. युनियनच्या कागदपत्रांत त्याला सभ्यपणे ‘पुनर्जुळणी’ म्हणत. प्रक्रिया अशी: एखाद्या दुकानाची जाहिरात एका छापखान्यात जुळवली जाते. तिचा कागदी लगद्याचा साचा घेऊन तो इतर वर्तमानपत्रांना पाठवला जातो. ती वर्तमानपत्रं त्यात शिसं ओतून थेट छापतात, म्हणजे त्यांच्या जुळाऱ्यांचं काम बुडतं. म्हणून नियम असा, की जाहिरात छापून गेल्यावर, काम मंद असेल तेव्हा, तीच जाहिरात तिथल्या जुळाऱ्यांनी नव्यानं जुळवायची. प्रूफ काढायचं, तपासायचं, चुका दुरुस्त करायच्या. आणि मग सगळं उचलून ‘हेल बॉक्स’मध्ये, म्हणजे वितळवायच्या पेटीत, टाकायचं.

या नियमाचं मूळ १८७० च्या दशकातलं, आणि तेव्हा तो समजण्यासारखा होता. साचे फिरवून मालक एकमेकांचे संप मोडू शकत होते. पण पाऊणशे वर्षांनंतरही तो तसाच. वर्तमानपत्र मालकांची संघटना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९५३ मध्ये हरली. टाफ्ट-हार्टली हा अमेरिकेचा कामगारविषयक कायदा न केलेल्या कामाचे पैसे उकळण्याला मनाई करतो, आणि इथे काम तर प्रत्यक्ष केलं जातं, निरुपयोगी असलं तरी, असा निकाल. कायद्यानं युनियन जिंकली. पण कारागिराला स्वतःच्या हातानं वितळवण्यासाठी जुळवायला लावणारी ही एकच तरतूद मालकांच्या हाती पुढची वीस वर्षं पुरेल एवढा दारूगोळा देऊन गेली. सभासदांनाही ते काम आवडत नसे. या कलमाला पाचपैकी एक, तोही मंदीच्या दिवसांत पाळी टिकली म्हणून.

१९६२ चा संप हा या सेवेचा सर्वांत महागडा वापर. ८ डिसेंबरच्या पहाटे दोन वाजता, बर्ट्राम पॉवर्स अध्यक्ष असताना, जुळाऱ्यांनी चार वर्तमानपत्रांतलं काम थांबवलं. बाकी पाच मालकांनी आपणहून बंद ठेवली. संप ११४ दिवस चालला, ३१ मार्च १९६३ पर्यंत. सुमारे तीन हजार जुळारी संपावर, पण एकूण सतरा हजारांच्या आसपास माणसं बसून. कारण पगार एवढंच नव्हतं. पत्रकारांच्या गिल्डचा, म्हणजे त्यांच्या युनियनचा, करार जुळाऱ्यांच्या आधी संपायचा. मालक आधी गिल्डशी आकडा ठरवत आणि तोच मग जुळाऱ्यांच्या पुढ्यात ठेवत. सगळे करार एकाच दिवशी संपले पाहिजेत, ही खरी मागणी. दुसरा मुद्दा छिद्रित फितीचा. वृत्तसंस्थेकडून आलेली फीत लायनोटाइपला लावली की माणसाविना ओळी निघतात.

मध्यस्थ थिओडोर कील आणि महापौर वॅग्नर यांच्या खटपटीनंतर तडजोड झाली ती आठवड्याला १२.६३ डॉलरच्या एकूण वाढीवर, पस्तीस तासांच्या आठवड्यावर, करारांच्या समान मुदतीवर आणि फितीच्या मर्यादित वापरावर. आता साधी बेरीज करू. दिवसपाळीचा मूळ दर आठवड्याला १४१ डॉलर होता. सव्वासोळा आठवड्यांचे सुमारे २,३०० डॉलर बुडाले. दोन वर्षांच्या करारात १२.६३ डॉलर अगदी पहिल्या दिवसापासून रोख मिळाले असते, तरी १,३१३ होतात. म्हणजे निव्वळ पगाराच्या हिशेबात तोटा. तो सोसता आला याचं श्रेय मातृसंघटनेच्या संपनिधीला. शिवाय न्यूयॉर्क राज्यात काही आठवडे उलटल्यावर संपकऱ्यालाही बेकारभत्ता मिळत असे. वर्गणीचं मोल इथे कळतं. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत उभ्या केलेल्या मिल हँड्स असोसिएशनला ना सभासदांची यादी होती, ना निधी. आणि १९८२ मध्ये लाखो गिरणी कामगार संपात उतरले तेव्हाही खरा आधार गावाकडच्या शेताचाच होता. पावणेचार महिने संपावर राहून जुळारी घर विकायला निघाले नाहीत, याचं कारण साठ-सत्तर वर्षांच्या टक्केवारीत आहे.

नुकसान दुसरीकडे झालं. ‘मिरर’ ऑक्टोबर १९६३ मध्ये बंद पडलं. ‘हेरल्ड ट्रिब्यून’सह तीन वर्तमानपत्रांची मोट बांधली गेली आणि तीही मे १९६७ मध्ये सुटली. सगळा दोष संपाच्या माथी मारणं खरं नाही. उपनगरं, दूरचित्रवाणी आणि जाहिरातींची गळती आधीच चालू होती. पण ११४ दिवसांत वाचकाची वर्तमानपत्राशिवाय सकाळ काढायची सवय झाली, हे मात्र कोणी नाकारत नाही.

एवढ्या ताकदीचं शेवटी काय केलं, तर ती विकली, आणि चांगल्या भावानं विकली. जुलै १९७४ मध्ये पॉवर्सनी ‘टाइम्स’ आणि ‘डेली न्यूज’शी ११ वर्षांचा करार केला. मालकांना संगणक आणि फोटोजुळणी हवी तशी आणायची मुभा. बदल्यात त्या घडीला कामावर असलेल्या जुळाऱ्यांना तहहयात नोकरीची हमी. निवृत्तीनं आणि मृत्यूनं जागा कमी होतील, कपातीनं नाही. बोगसचा हट्ट धरणाऱ्या युनियनला हे सुचलं हे विशेष, आणि आणखी पाच वर्षं थांबली असती तर विकायला हातात काही उरलं नसतं. विरोधात एकच गोष्ट मांडता येते, पण ती मोठी आहे: हमी फक्त फळीवर आधीच नाव असलेल्यांना. पुढच्या उमेदवाराला उमेदवारीच नाही. कार्ड कोणाला द्यायचं हे ठरवण्याच्या हक्कावर उभी राहिलेली सेवा, ते कार्ड यापुढे कोणालाच न देण्याच्या अटीवर मिटली.

२ जुलै १९७८ चा ‘टाइम्स’ हा शिशात जुळवलेला शेवटचा अंक. त्यानंतर त्याच माणसांच्या हाती आली फोटोकागदाची पट्टी. पाठीला मेण लावायचं, धारदार सुरीनं कापायची, पानाच्या तक्त्यावर निळ्या रेघेत चिकटवायची. तिरकी लागली तर उचलून पुन्हा. आरशातल्यासारखा उलटा मजकूर झरझर वाचायची वर्षानुवर्षांची सवय या कामाला लागत नाही. पट्टीवरचं अक्षर सुलटंच असतं.